पश्चिमेची झड

"हा नकाशा खाली काढा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"जुना आहे. ओढला तर फाटेल."

"फाटू दे."

डॉक्टर मुल्लांनी नाकातोंडावर दुहेरी फडकं बांधलं होतं. मलाही एक दिलं होतं. आमच्या हिरडवाडीच्या आरोग्य केंद्रात येऊन त्यांना सातच महिने झाले होते. वयानं माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढ्या असतील. बाहेर अंगणात हौसा उभी होती आणि तिच्या मागे शेजारचा गेनू आखाडे. दोघंही उंबरठ्याच्या आत येत नव्हते.

मी स्टुलावर चढलो. महाराष्ट्राचा मोठा नकाशा होता तो, शाळेतून निवृत्त होताना मला दिलेला. चार कोपऱ्यांना चार खिळे. खालच्या डावीकडचा जरा वाकडा ठोकला गेला होता, तो उलट्या बाजूनं ओढावा लागतो, हे मला न बघता ठाऊक होतं.

तीन खिळे निघाले आणि चौथा निघायच्या आतच नकाशा स्वतःच्या वजनानं खाली आला. त्याच्या पाठीचं कापड भिंतीलाच चिकटून राहिलं.

भिंत काळी होती. जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत. काही ठिकाणी हिरवट, आणि कडेला मांजराच्या पाठीवर असते तशी लव. वास सगळ्यांनाच आला. गेनूनं उपरणं नाकाला लावलं.

डॉक्टरबाईंनी बॅटरी लावून बराच वेळ पाहिलं. मग त्या दाराकडे वळल्या. "हौसाबाई, वेणू कुठं बसायची?"

हौसानं अंगणातूनच बोट दाखवलं. नकाशाखाली पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर. पाठ भिंतीला टेकून.

मग हौसानं मला विचारलं, "गुरुजी, ह्ये तुमाला म्हाईत न्हवतं?"

"नाही," मी म्हणालो.

वेणू तेव्हा नऊ वर्षांची होती आणि सहा दिवसांपासून साताऱ्याच्या दवाखान्यात होती. नाकाला नळी लावलेली. आषाढापासून तिला खोकला होता. दिवाळीनंतर ती पायरी चढली तरी थांबायची, आणि थांबल्याचं कोणाला कळू नये म्हणून पायातला काटा बघितल्यासारखं करायची. मार्गशीर्षात एका दुपारी तिचे ओठ निळे झाले. गेनूनं तिला मोटारसायकलवर आपल्या आणि हौसाच्या मध्ये धरून घाट उतरवला.

डॉक्टर मुल्लांनी एवढंच केलं की हौसाला बसवून सगळं विचारलं. कधी वाढतं, कधी कमी होतं. हौसा म्हणाली, आश्विनात आठ दिवस मावशीकडं वाईला गेली होती तेव्हा एकदाही खोकली नाही. परत आली त्या रात्रीपासून पुन्हा. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात ओल कुठं आहे? हौसा म्हणाली, आमच्याकडं नाही, पण गुरुजींच्या खोलीत वास येतो.

घर एकच होतं. पुढच्या खोलीत मी, मागच्या दोन खोल्यांत हौसा आणि वेणू. हौसाचा नवरा मुंबईला गेला तो परत आला नाही, तेव्हा माझ्या बायकोनं, गोदानं, त्या दोघींना ठेवून घेतलं होतं. हौसा माझीच विद्यार्थिनी. चौथीनंतर तिची शाळा सुटली, आणि आता ती दुसऱ्यांच्या स्ट्रॉबेरीच्या रानात जायची. शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत वेणू माझ्या खोलीत. रविवारी तर दिवसभर. पावसाळ्यात शाळेचं छप्पर गळायचं म्हणून चौथीचा सगळा वर्गच माझ्याकडे बसायचा, आणि एरवीही संध्याकाळी निम्मी मुलं माझ्याकडे शिकायला यायची. पण ट्रंकेवरची जागा वेणूची होती. तिथून नकाशा जवळ पडायचा.

घरातल्या आडव्या भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नव्हत्या. एका खोलीत कोणी खोकलं की तिन्ही खोल्यांत ऐकू यायचं.

डॉक्टरबाई तेच वर बघत होत्या. "हवा सगळी एक आहे," त्या म्हणाल्या. "दहा दिवसांत तिला सोडतील. पण ही भिंत अशी असताना तिला या घरात आणायचं नाही. आणलीत तर पुढच्या वेळी घाट उतरेपर्यंत ती टिकेल असं मी सांगू शकत नाही."

"मग मी कुटं जाऊ?" हौसा म्हणाली.

"घर धुवायचं. दहा दिवस आहेत."

मग त्यांनी मला अंगणात बसवून माझी छाती तपासली. पाठीवर नळी ठेवून खूप वेळ ऐकत राहिल्या.

"तुम्हाला कधीपासून आहे?"

"काय?"

"खोकला. दम. डोकं जड वाटतं? झोपून उठल्यावरही थकवा? कशात लक्ष लागत नाही, काही वाटत नाही, असं?"

"बायको गेली तेव्हापासून."

"कधी गेल्या?"

"हा तिसरा पाऊस झाला."

त्यांनी लिहून घेतलं. "आजपासून तुम्हीही इथं झोपायचं नाही."

"गुरुजी, त्यापरीस एरंडेल घ्या," गेनू म्हणाला. "सकाळी उठून वाटीभर. आत जे काय साचलंय ते समदं भाईर. आमच्या बाजारात एक जण चूर्ण पन इकतो, सगळं रगत धुऊन काडतं म्हनं."

"एरंडेलानं पोट साफ होईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फुप्फुस पोटात नसतं."

"न्हाई, पन आतनं वाट असतीया की."

"आखाडे, तुमच्या विहिरीत मेलेलं कुत्रं पडलं तर तुम्ही पाणी उपसत बसाल की आधी कुत्रं काढाल?"

गेनूनं विचार केला. "कुत्रं," तो म्हणाला.

"मग झालं. आधी माणूस बुरशीतून काढायचा. बाकीचं अंग आपलं आपण करतं, त्याला वेळ द्यायचा."

त्या दिवसापासून मी शाळेच्या व्हरांड्यात झोपायला लागलो आणि हौसा गेनूच्या पडवीत.

साफ करायची रीत डॉक्टरबाईंनी फळ्यावर लिहून दिली. माझ्याच फळ्यावर, माझ्याच खडूनं. कोरडा झाडू मारायचा नाही. काहीही झटकायचं नाही. आधी पाणी शिंपडायचं. कागद, कापड, कापूस जे असेल ते ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड आतच बांधायचं आणि मग बाहेर. जाळायचं नाही, धुरातून पसरतं. लोखंड, काच, भांडी साबणानं. भिंत ओली करून खरवडायची, मग चुना.

हौसा दुपारपर्यंत रानात जायची आणि दुपारनंतर यायची. तोंडाला फडकं बांधून, पदर खोचून. दवाखान्यात वेणूजवळ वाईची मावशी होती, तिचा हौसाला रोज फोन यायचा. आधी वेणूची चौकशी मी करायचो. हौसा एका शब्दात सांगायची. "बरी." किंवा "तशीच." ती असं म्हणाली की आम्ही कामाला लागायचो.

पहिल्या दिवशी पुस्तकं गेली. कपाटाच्या मागची फळी हाताला लागताच पोळीसारखी तुटली. गोष्टींची पुस्तकं, पाढ्यांची पुस्तकं, मुलांनी पुठ्ठे घालून सजवलेली. काही वरून चांगली दिसत होती. उघडली की आत राखाडी ठिपके. मी एकेक उघडून बघत होतो, तेव्हा हौसा म्हणाली, "बघू नगा. टाका."

दुसऱ्या दिवशी ट्रंक. तिच्यात कागद होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत प्रत्येक मुलानं पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं तो कागद मी ठेवून घ्यायचो. कोणी 'म'ची दांडी विसरलेली, कोणाचं आडनाव कागदावर मावलेलं नाही म्हणून मागच्या बाजूला. सगळ्यांचा मिळून एक ओला गठ्ठा झाला होता. मुलं एकमेकांना चिकटली होती.

"माजं पन हाय ह्यात?" हौसानं विचारलं.

"असेल. शोधू का?"

"नगं."

तिनं पिशवी धरली, मी गठ्ठा आत सोडला. तिनं तोंड बांधलं. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. पुढची पिशवी घेतली.

तिसऱ्या दिवशी गोदाची गोधडी, तिची लुगडी, तिची उशी. हौसा प्रत्येक वेळी क्षणभर थांबायची, माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो. एकदा ती म्हणाली, "वयनींचं एक लुगडं धुऊन बघू का? उनात घालू."

"डॉक्टरबाईंनी कापड टाकायला सांगितलंय."

"तसं म्हनलं."

चौथ्या आणि पाचव्या दिवशी गेनूसुद्धा आला. आम्ही तिघांनी भिंत खरवडली. ओल्या मातीचे पोपडे घमेल्यात पडत होते. गेनूला गप्प बसवत नाही. "गुरुजी, शाळंत तुमी मला भिंतीकडं तोंड करून हुबं करायचा. आज पुन्यांदा केलं." मी हसलो असेन. सहाव्या दिवशी चुन्याचे दोन हात दिले. खोली रिकामी आणि पांढरी झाली. आवाज घुमायला लागला.

माझं डोकं त्या दिवसांत हलकं व्हायला लागलं होतं. व्हरांड्यात थंडीनं पहाटे जाग यायची आणि उठल्यावर थकवा नसायचा. दोन वर्षं मी जे दुःख समजत होतो, त्यातलं किती त्या भिंतीचं होतं, असा एक विचार आला. तो आवडला नाही. मी उठून अंथरुणाची घडी केली.

आठव्या दिवशी डॉक्टरबाई बघायला आल्या. खोलीत शिरल्या आणि दारातच थांबल्या.

खाली, जमिनीपासून वीतभर, चुन्यातून राखाडी रंग वर आला होता.

त्यांनी भिंतीला तळहात लावला, तो उलटा करून मला दाखवला. ओला होता. "डिसेंबर आहे," त्या म्हणाल्या. "दोन महिने पाऊस नाही. हे पाणी येतं कुठून? या भिंतीच्या पलीकडं काय आहे?"

त्या बाहेर गेल्या, घराला वळसा घालून पश्चिमेला. त्यांच्या मागे हौसा, मग गेनू, मग मी.

आमच्याकडे पाऊस पडत नाही, चालून येतो; पश्चिमेकडून, आडवा. मातीची भिंत त्याच्यापुढे टिकत नाही. म्हणून ज्येष्ठ लागला की कारवीच्या काठ्यांना वीतभर जाडीचं सुकं गवत बांधून भिंतीला अंगरखा घालतात. त्याला झड म्हणतात. दसऱ्याला झड सोडायची आणि भिंतीला ऊन द्यायचं. त्या दिवशी वाडीतल्या सगळ्या घरांच्या भिंती उघड्या होत्या, पांढऱ्या, काहींवर मिरच्यांच्या माळा. माझ्याही घराच्या तीन भिंती उघड्या होत्या. फक्त पश्चिमेच्या भिंतीला झड होती. एकावर एक तीन थर. वरचा पिवळा, मधला काळपट, आणि सगळ्यात आतला कुजून भिंतीसारखाच झालेला. खालून त्यात गवत उगवलं होतं.

"ही काढली का नाही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

गेनू पायानं माती उकरायला लागला.

"आखाडे?"

"त्याचं असं हाय बाई. झड ज्या हातानं बांधली त्याच हातानं सोडायची. शेवटची गाठ ज्याची, सोडायची बी त्यानंच. दुसऱ्यानं सोडली तर त्या घरातला पाऊस सरत न्हाई म्हनत्यात. ही आतली वयनींनी बांधल्याली. जेष्ठात बांधली, सरावनात त्या गेल्या."

"आणि वरचे दोन थर?"

"ते माजे. गुरुजी म्हनले, ह्याच्यावरनंच बांध. मी बांधली. मग आतली सुटल्याशिवाय माजी तरी कशी सोडू?"

"गेलेल्या माणसाची गाठ कोण सोडतं मग? असं काहीतरी असेलच ना तुमच्यात."

"असतंय की. घरचं मानूस सोडतं." गेनू माझ्याकडे न बघता म्हणाला. "वाडी गप बसली, बाई. मीबी गप बसलो. मानसाचं दुक असतं."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. माझ्या शाळेत अशा नजरेनं मी मुलांकडे बघायचो. उत्तर त्यांना येत असतं आणि ते देत नसतात, तेव्हा.

"उद्या सोडतो," मी म्हणालो.

"परवा वेणूला सोडत्यात," हौसा म्हणाली.

"हो. उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनूनं त्याचे दोन थर सोडले आणि गवत ओढून बांधावर नेलं. "आता तुमचं तुमी बघा," म्हणाला, आणि मुद्दाम असेल, पण निघून गेला.

मी भिंतीपुढे बसलो. आतल्या थराची शेवटची गाठ उजव्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर होती. काथ्याची, तिहेरी. गोदा कायम निरगाठ मारायची. मी म्हणायचो, अगं सुरगाठ मार, दसऱ्याला सोडायला बरं पडेल. ती म्हणायची, सोडायची मला आहे ना, मग तुमचं काय जातंय. प्रत्येक दसऱ्याला ती दात-नखं लावून अर्धा तास खपायची आणि मी शेजारी उभा राहून हसायचो.

काथ्या तीन पावसांत फुगून आणि दोन उन्हाळ्यांत आवळून एकच गोळा झाला होता. कुठून सुरू होतो ते दिसत नव्हतं. मी नखं घातली, मग काडी. दुपार झाली. मला ना घाई वाटत होती ना कंटाळा.

हौसा रानातून परस्पर तिकडेच आली. हातात कोयता होता. ती माझ्यामागे थांबली.

"सुटत न्हाई?"

"सुटेल."

"मी कापू?"

"नको."

ती बांधावर बसली. हातांना स्ट्रॉबेरीचा लाल रंग होता. तिनं पदरानं घाम पुसला. मी गाठीकडे बघत होतो. माझ्या मागे ती कशी बसली असेल हे मला दिसत होतं. पहिलीत असताना ती अशीच बसायची, उत्तर येईपर्यंत न हलता.

"हौसा," मी म्हणालो, "मला माहीत होतं."

"काय?"

"भिंतीचं. गोदा गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तळहाताएवढा डाग आला होता. मी पाहिला होता. पुसला, पुन्हा आला. मग त्याच्यावर नकाशा लावला."

मी काडी पुन्हा गाठीत घातली.

"गेनूला दाखवला असता तर तो म्हणाला असता, झड सोडा. म्हणून दाखवला नाही."

"ह्या गाठीपायी?"

"हो."

"आन पोरांना काय सांगितलं? भूगोल शिकवायला लावला?"

"हो."

शेजारच्या रानात कोणीतरी मोटार चालू केली, बंद केली.

"गुरुजी," हौसा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "चंपाषष्टीला वेणू घरी येऊन म्हनली, आई, नकाशातलं कोकन काळं झालंय. मी गुरुजींना इचारलं तर म्हनले, भरती आली आसंल. समद्यांना लई हसू आलं म्हनं. मला सांगून ती परत हसली. मीबी हसले. हसता हसता तिला ठसका लागला, तो रातभर थांबला न्हाई."

मला ते आठवत होतं. मी खडू घेऊन नकाशावर भरतीची रेघसुद्धा काढली होती, रत्नागिरीपासून चिपळूणपर्यंत. एकतीस वर्षं मी नव्या शिक्षकांना सांगत आलो होतो की मुलानं प्रश्न विचारला तर माहीत नाही म्हणा, पण खोटं उत्तर देऊ नका.

"मी तुमाला देवाच्या जागी मानत हुते, असं न्हाई," हौसा म्हणाली. "देवाजवळ कोन पोर सोडून जातंय? तुमच्याजवळ सोडून जायची मी."

ती उठली आणि कोयता माझ्यापुढे केला. मुठीची बाजू माझ्याकडे.

"घ्या. कापा."

"हौसा, ती गाठ—"

"कापा म्हनते न्हवं!"

मी कोयता घेतला. एका घावात काथ्या तुटला नाही. दोन घाव लागले. मग झड आपोआप सुटत गेली, वरून खाली, ओल्या घोंगडीसारखी. तिच्यातून वाळवी निघाली, गोगलगायी निघाल्या, एक बेडूक निघाला आणि उन्हानं बावरून तिथंच बसला. भिंत काळी होती आणि तिच्यावरून पाणी निथळत होतं. तीन पावसांनंतर तिच्यावर ऊन पडलं. थोड्या वेळानं तिच्यातून वाफ निघायला लागली, माणसाच्या तोंडातून थंडीत निघते तशी.

हौसानं प्लास्टिकची पिशवी आणून तोंड उघडून धरली. मी कुजकं गवत भरत गेलो. शेवटी ती पिशवी धरून तशीच उभी राहिली. मी म्हणालो, "झालं."

"मुठीतलं," ती म्हणाली.

गाठ माझ्या डाव्या मुठीत होती. ती मी कधी उचलली मला कळलं नव्हतं. मूठ उघडायला वेळ लागला. हौसानं घाई केली नाही. मी गाठ पिशवीत टाकली आणि तिनं पिशवीचं तोंड बांधलं.

मग मी बांधावर बसलो आणि गोदा गेल्यानंतर पहिल्यांदा रडलो. हौसा थांबली नाही. पिशवी डोक्यावर घेऊन ती चालायला लागली होती.

वेणूला घरी आणण्याऐवजी साताऱ्याहून परस्पर वाईला, मावशीकडे नेलं. भिंत वाळायला दीड महिना लागला. डॉक्टरबाई दर आठवड्याला येऊन तळहात लावायच्या. हौसानं मला काम सांगितलं, चहा दिला, भाकरीसुद्धा दिली, पण माझ्याशी कामापलीकडे बोलली नाही.

शिवरात्रीच्या सुमारास वेणू आली. अंगणात माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली. आईनं तशी ताकीद दिली असावी. फ्रॉक मोठा झाल्यासारखा वाटत होता. श्वास घेताना छातीत बारीक शिट्टी वाजत होती. तिनं दारातून आत डोकावलं.

"गुरुजी, नकाशा कुटं गेला?"

"टाकला. त्याच्यामागे बुरशी होती. तिच्यामुळेच तू आजारी पडलीस. ती तिथं आहे हे मला माहीत होतं, वेणू. मी तुम्हाला भरती आली म्हणून सांगितलं, ते खोटं होतं."

हौसा दारात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

वेणूनं थोडा विचार केला. "मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. "भरती आली तर वोहटी बी येती. ती उतरतच न्हवती."

"बरोबर," मी म्हणालो.

"मग माजं उत्तर बरोबर आलं तर मला खडू द्या."

त्या वर्षी वर्ग आम्ही अंगणात, आंब्याखाली भरवला. नकाशा मुलांनी जमिनीवर काढला आणि तो दर दोन दिवसांनी पुसला जायचा. हौसा रानातून आली की लांबून आधी वेणू कुठं बसली आहे ते बघायची, मग जवळ यायची. पुढेही वर्षानुवर्षं बघत राहिली. वेणू आता चिपळूणला शाळेत शिकवते. रविवारी फोन करते. जिना चढून आलेली असली तर बोलायला लागण्याआधी मला ती शिट्टी ऐकू येते, आणि मी ती थांबेपर्यंत काही बोलत नाही.

त्याच वर्षी ज्येष्ठात गेनू गवत घेऊन आला. कारवी बांधून झाली, पश्चिमेची झड उभी राहिली. शेवटची गाठ उरली. गेनूनं काथ्या माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला.

"थांबा," हौसा म्हणाली.

तिनं गेनूच्या हातातून काथ्या घेतला, खाली बसली, आणि दोन वेढे घेऊन गाठ मारली. सुरगाठ. लांब टोक मुद्दाम बाहेर ठेवलं.

"दसऱ्याला मी सोडनार," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर न्हाई."

वेणू पुढे झाली. तिनं ते टोक धरून ओढून बघितलं. गाठ लगेच सुटली.

"आई, सुटतीया!"

"आत्ता न्हवं गं, भवाने. दसऱ्याला."

आणि हौसानं ती परत बांधली.